सासूबाई शाकाहारी, सासरे बीफ-पोर्क न खाणारे: ल्योंच्या बुशोंमध्ये जेवायला जावे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पाच जण पॅरिसहून ल्योंला येणार आहात आणि दोन रात्री राहणार आहात. तुम्ही दोघे नवरा-बायको सगळे खाता. सासरे चिकन आणि मासे खातात, बीफ-पोर्क खात नाहीत. सासूबाई शाकाहारी, केकमधले अंडे चालते, ताटात दिसणारे अंडे नको. मुलगा अकरा वर्षांचा. एक तरी जेवण खऱ्याखुऱ्या ‘बुशों’मध्ये, म्हणजे ल्यों या फ्रेंच शहराच्या छोट्या पारंपरिक खाणावळीत, व्हावे, सासूबाई उपाशी राहू नयेत, वेटरसमोर कुणाला अवघडल्यासारखे होऊ नये, तर कोणते ठिकाण चांगले, असे तुम्ही विचारले आहे.

मी ल्योंमधल्या एका बुशोंच्या स्वयंपाकघरात काम केले आहे आणि आता भारतातून येणाऱ्या कुटुंबांची इथली जेवणे ठरवून देते. त्या अनुभवावरून सांगते, ठिकाणाचे नाव हा या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे. चांगली बुशों शहरात बरीच आहेत. अडचण वेगळीच आहे. एका टेबलावर तीन तऱ्हांची पथ्ये, आणि समोरचे स्वयंपाकघर डुकराची चरबी, वासराच्या हाडांचे स्टॉक (उकळून काढलेला अर्क) आणि जनावराची आतडी-पोटे यांवर उभे राहिलेले. तिथे गेल्यावर मेनूकार्ड हातात घेऊन मार्ग काढू म्हटले तर निघत नाही. मार्ग टेलिफोनवर, दोन-तीन दिवस आधी काढावा लागतो.

काही गोष्टी मात्र तुमच्यावरच अवलंबून आहेत. सासूबाईंना शेजारच्या ताटात काय आहे याचा त्रास होतो का? बुशोंमधली टेबले एकमेकांना इतकी चिकटून असतात की शेजाऱ्याचे कोपर आपल्या ताटाला लागते, आणि शेजाऱ्याच्या ताटात वासराचे मुंडके असू शकते. सासऱ्यांचे ‘बीफ नको’ फक्त तुकड्यांपुरते आहे, की रस्श्यात उतरलेल्या अर्कालाही लागू आहे? वाईन घालून शिजवलेले चालते का? या तीन प्रश्नांची उत्तरे घरीच घेऊन ठेवा. ती ‘हो, त्रास होतो’ किंवा ‘नाही, अजिबात नको’ अशी ठाम असतील तर सगळ्यांनी मिळून बुशोंमध्ये जाण्याचा हट्ट सोडा. मग काय करायचे ते पुढे सांगते.

आधी बुशों म्हणजे नेमके काय, कारण ते कळले की बाकीचे आपोआप समजते. एकोणिसाव्या शतकात ल्यों हे रेशीम विणणाऱ्यांचे शहर होते. क्र्वा-रूसच्या टेकडीवर उंच छताच्या घरांमध्ये माग चालत आणि विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. 1831 आणि 1834 साली मजुरीच्या दरांवरून त्यांनी मोठे उठाव केले, ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. ही माणसे भल्या पहाटे कामाला लागत आणि सकाळी उशिरा भरपेट खात. त्या न्याहारीला ‘माशों’ म्हणतात आणि काही ठिकाणी ती आजही मिळते: थंड सॉसेज, डुकराचे पाय, वजडी आणि सोबत बोजोले वाईन. चांगले मांस श्रीमंतांकडे जायचे. उरलेल्या भागांतून चविष्ट जेवण करायचे कसब या लहान जागांनी जोपासले. आपल्याकडे गिरणगावात खाणावळींनी जे काम केले, साधारण तेच इथे बुशोंनी केले. घरगुती चव, ठरलेले पदार्थ, भरपूर वाढप, आणि मालक किंवा मालकीण समोर उभी.

मालकिणीचा उल्लेख मुद्दाम केला. इथल्या स्वयंपाकाची कीर्ती बायकांनी वाढवली. मोठ्या घरांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या खानावळी काढल्या आणि लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणू लागले. त्यांतल्या युजेनी ब्राझिये यांना 1933 साली त्यांच्या दोन रेस्टॉरंटांसाठी प्रत्येकी तीन असे मिशेलिनचे सहा तारे मिळाले. तोवर कुणालाच सहा मिळाले नव्हते. पुढे जगभर नाव झालेले पॉल बोक्यूझ तरुणपणी त्यांच्याच हाताखाली काम करत होते.

हे स्वयंपाकघर काटकसरीतून आले. चरबी, हाडे, आतडी काही वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा धर्म. म्हणून इथे ‘शाकाहारी’ दिसणाऱ्या पदार्थांतही मांस लपलेले असते. कुणी फसवत नसते. चव तिथूनच येते, म्हणून ते घातलेले असते.

सासूबाईंसाठी

नेहमी काय घडते ते सांगते. मंडळी मेनू बघतात आणि म्हणतात, हे सॅलड आहे ना, त्यातले बेकनचे तुकडे आणि अंडे काढून द्या. ‘सालाद ल्योनेझ’मधले तुकडे काढता येतात, पण पारंपरिक पद्धतीत त्याच तुकड्यांची सुटलेली गरम चरबी व्हिनेगरबरोबर पानांवर ओतलेली असते. कांद्याचे सूप मागितले तर ते बहुतेक वेळा गोमांसाच्या स्टॉकवर केलेले असते. मसुराच्या सॅलडमध्ये सॉसेजचे काप असतात. परतलेले बटाटे लोण्यातले की चरबीतले, हे त्या त्या बुशोंवर, आम्ही म्हणतो तसे ‘घरा’वर, अवलंबून असते. हिवाळ्यात ‘कार्दों’ नावाची दांड्यांची भाजी मिळते, ती हाडातल्या मगजाबरोबर करतात.

फ्रान्समध्ये प्रत्येक रेस्टॉरंटला चौदा ॲलर्जीकारक घटकांची लेखी माहिती ठेवावी लागते. पुष्कळ भारतीय पाहुणे तो तक्ता मागतात आणि निर्धास्त होतात. त्या तक्त्यात अंडे, दूध, मासे, गहू, दाणे हे सगळे असते. डुकराची चरबी, मांसाचा स्टॉक आणि जिलेटिन त्यात नसते. शाकाहारासाठी त्या तक्त्यावर विसंबू नका.

तरीही बुशोंच्या नेहमीच्या पदार्थांतून एक नीट शाकाहारी ताट जमते. ‘सेर्वेल द कान्यू’ मागा. भाषांतराचे ॲप याचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’ असा दाखवील आणि सासूबाई दचकतील, म्हणून आधीच सांगून ठेवा: हे ताजे, मऊ, दह्यासारखे चीज असते, त्यात बारीक चिरलेले छोटे कांदे, कांद्याची पात, इतर हिरव्या पाती, तेल आणि थोडे व्हिनेगर फेटलेले असते. उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि पावाबरोबर ते पोटभरीचे होते. जोडीला ‘ग्रातां दोफिन्वा’, म्हणजे बटाट्याचे पातळ काप दूध-सायीत लसणाबरोबर ओव्हनमध्ये शिजवलेले. नुसत्या मोहरी-तेल-व्हिनेगरच्या ताज्या ड्रेसिंगमधली हिरवी पाने. मग ‘सां-मार्सलां’ नावाचे छोटे गोल चीज, जे पिकल्यावर चमच्याने खावे इतके सैल होते. शेवटी गुलाबी प्रालिनचा टार्ट: साखरेत घोळवलेले गुलाबी बदाम सायीत विरघळवून केलेला, भडक रंगाचा, आपल्या माणसांना हमखास आवडणारा.

यात दोन बारकावे आहेत. फ्रेंच चीजमध्ये सहसा प्राण्यांपासून मिळणारे रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, असते, आणि काही गुलाबी प्रालिनमध्ये किड्यांपासून काढलेला लाल रंग वापरतात. सासूबाई घरी कुठवर पाळतात ते तुम्हाला माहीत. पुष्कळांना या गोष्टी चालतात, काहींना नाही. पण खाऊन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

हे ताट आयत्या वेळी मागू नका. दुपारी साडेबाराला भरलेल्या खोलीत दोन माणसे स्वयंपाक करत असतात आणि एक वाढत असतो. त्या वेळी वेगळे ड्रेसिंग करून द्या म्हटले तर उत्तर ‘नाही’ असे येते आणि आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. तेच दोन दिवस आधी सांगितले तर बहुतेक घरे आनंदाने करतात. फोनवर नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, कारण काहींच्या हिशेबात मासे त्यात बसतात. सरळ यादी सांगा: ‘नि व्यांद, नि प्वासों, नि लार, नि बुयों द व्यांद’. म्हणजे मांस नाही, मासे नाही, बेकन नाही, मांसाचा स्टॉक नाही. अंड्याचे वेगळे सांगा. मग वर दिलेल्या पदार्थांची नावे घेऊन विचारा, यांतले काय काय जमेल? स्वयंपाक्याला काय नको ते सांगण्यापेक्षा काय हवे ते सांगितले की काम पटकन होते.

फोनवर ‘आमच्याकडे नाही जमणार’ असे आले तर वाईट वाटून घेऊ नका. त्या माणसाने तुमची दुपार वाचवली. धन्यवाद म्हणून दुसरीकडे फोन करा.

सासरे आणि मुलगा

सासऱ्यांसाठी माझी पहिली पसंती ‘कनेल’ला. ब्रोशे नावाचा गोड्या पाण्यातला मासा बारीक काट्यांनी भरलेला असतो, अख्खा खायला जिकिरीचा. त्याचा गर काट्यांपासून वेगळा करून दूध, लोणी, पीठ आणि अंडी यांच्या घट्ट मिश्रणात घोटतात, लांबट आकार देतात आणि उकळत्या पाण्यात अलगद शिजवतात. मग तो गोडसर नारिंगी ‘नांत्युआ’ सॉसमध्ये ठेवून भट्टीत जातो. हा सॉस नदीतल्या छोट्या झिंग्यांच्या लोण्यापासून करतात. भट्टीत वीसेक मिनिटांत कनेल फुगून जवळजवळ दुप्पट होतो, वर खरपूस साय धरतो, आणि बाहेर आला की पाच मिनिटांत बसायला लागतो. म्हणून फोटो एकच काढा आणि चमचा घाला. आत तो इतका हलका असतो की चावावे लागत नाही. दातांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना हा पदार्थ फार सोयीचा पडतो. मुलालाही बहुधा आवडेल. फक्त कुणाला झिंग्यांची ॲलर्जी असेल तर टाळा.

चिकन हवे असेल तर ‘पुले ओ व्हिनेग्र’ बघा. चिकनचे तुकडे लोण्यात तांबूस परततात, लसूण आणि छोटे कांदे घालतात आणि वाईनचे व्हिनेगर ओततात. त्या क्षणी अख्ख्या स्वयंपाकघरात डोळ्यांत पाणी आणणारी आंबट वाफ उठते. ती आटवत नेली की आंबटपणा मऊ होतो, मग टोमॅटो, कुठे कुठे थोडी साय. पण खरी मेख पुढे आहे. सॉसला दाटपणा यावा म्हणून पुष्कळ घरे त्यात पळीभर ‘फों द व्हो’ घालतात, म्हणजे वासराच्या हाडांचा तासन्‌तास उकळून केलेला स्टॉक. मी काम करत होते तिथे मागच्या शेगडीवर त्याचे पातेले सकाळपासून मंद उकळत असे आणि जवळजवळ प्रत्येक तपकिरी सॉसमध्ये त्यातली पळी जाई. मेनूत हे लिहिलेले नसते. सासऱ्यांना अर्कही चालत नसेल तर विचारा, ‘सॉसमध्ये फों द व्हो आहे का?’ काही जण कोंबडीचाच स्टॉक वापरतात. कनेलच्या नांत्युआ सॉसमध्ये ही भानगड सहसा नसते, म्हणून तो आधी सुचवला.

मेनूवर ‘गातो द फ्वा द व्होलाय’ दिसेल. तो कोंबडीच्या कलेजीचा मऊ, शिजवलेला केक. कलेजी आवडणाऱ्या सासऱ्यांना तो आवडेल. फक्त काही जुन्या कृतींत बैलाच्या हाडातला मगजही घालतात, तेवढे विचारून घ्या. कोंबडीचा उगम ‘ब्रेस’ लिहिला असेल तर किंमत वाढेल आणि ती वाजवी आहे. ल्योंच्या उत्तरेकडच्या ब्रेस भागातल्या पांढऱ्या कोंबडीला 1957 पासून कायद्याने संरक्षित नाव आहे.

एक नियम सासऱ्यांच्या उपयोगाचा आहे. फ्रान्समधल्या रेस्टॉरंटांना गोमांस कोणत्या देशातून आले ते लिहून लावावेच लागते, आणि 2022 पासून डुक्कर, मेंढी आणि कोंबडीचेही. ती पाटी किंवा मेनूच्या तळाची ओळ वाचली की कोणत्या पदार्थात कोणते जनावर आहे याचा चांगला अंदाज येतो.

तुम्ही दोघे

तुमच्यासाठी हे शहर पर्वणी आहे, आणि इथे मी तुम्हाला थोडे धाडस करायला सांगेन. वजडी, मुंडी, पाया, रक्ती हे शब्द ज्या घरात प्रेमाने उच्चारले जातात, त्या घरातला माणूस बुशोंमध्ये परका राहत नाही. पॅरिसचे बरेच फ्रेंच पाहुणे इथला मेनू बघून तोंड वाकडे करतात. कोल्हापूरची किंवा गोव्याची माणसे नाही करत.

‘ताब्लिये द सापर’ अवश्य घ्या. ही बैलाच्या पोटाची, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली वजडी. आधी शिजवतात, मग पांढऱ्या वाईनमध्ये मुरवतात, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. मोठा, सपाट, कुरकुरीत तुकडा येतो. आत मऊ आणि थोडा चिवट. सोबत उकडलेले अंडे, केपर आणि लोणच्याच्या काकडीचा आंबट सॉस. वासाचा उग्रपणा वाईनने गेलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने यापासून सुरुवात करावी.

‘आंदुयेत’ मात्र जपून. हे आतड्यांचे सॉसेज. ल्योंच्या परंपरेत ते वासराचे असते, इतरत्र डुकराचे. कापले की आत पीठ झालेले मांस नसते, आतड्यांचे पट्टेच दिसतात, आणि वास लपत नाही. मोहरीच्या सॉसबरोबर ज्यांना ते आवडते त्यांना त्याची ओढ लागते. दोघांपैकी एकानेच मागवा आणि दुसऱ्याने चाखून बघा.

पहिल्या टप्प्यात काही जुन्या घरांत मोठी काचेची वाडगी टेबलावर आणून ठेवतात: मसूर, खारवलेली हेरिंग मासळी, डुकराच्या नाकाडाचे पातळ काप, बीट. आपापले वाढून घ्यायचे आणि वाडगी पुढच्या टेबलाकडे सरकवायची. हा प्रकार मिळाला तर सोडू नका. पण सासूबाई बरोबर असतील तर एकच चमचा सगळीकडे फिरतो हे लक्षात ठेवा. वाईनबरोबर आधी ‘ग्रातों’ येतात, डुकराच्या चरबीचे तळलेले खारे तुकडे. मुलगा ते चिप्स समजून उचलील. चालत असेल तर खाऊ द्या, पण आजोबांच्या पुढे ती वाटी सरकवू नका.

वाईन ‘पो’मध्ये येते. ही जाड बुडाची बाटली 46 सेंटिलीटरची असते, आणि तीत घरची बोजोले किंवा कोत द्यू रोन असते. दोघांना एक पो पुरते. न पिणाऱ्यांनी अजिबात संकोच करू नये. ‘ऊन काराफ दो’ म्हटले की नळाचे पाणी सुरईत फुकट मिळते, आणि पावही जेवणाच्या किमतीतच असतो.

आतापर्यंतचे एकत्र करते: सासूबाईंचे ताट फोनवर ठरवायचे, सासऱ्यांना कनेल, तुम्हाला ताब्लिये. तिघांचे एकाच घरात जमत असेल तर सगळे मिळून जा.

नाही जमले तर दिवस वाटून घ्या. एका दुपारी तुम्ही दोघेच बुशोंमध्ये जा. आजी-आजोबा आणि नातवाला आधी सकाळी बाजारात घेऊन चला: क्र्वा-रूसच्या बुलेव्हारवरचा बाजार किंवा सोन नदीच्या काठचा सां-आंत्वानचा बाजार. दोन्ही सोमवार सोडून रोज सकाळी भरतात. ताजा पाव, पिकलेले सां-मार्सलां, द्राक्षे, अक्रोड, प्रालिनचा टार्ट एवढे घेतले की सासूबाईंचे उत्तम ल्योंचे जेवण होते, आणि तेही कुणाच्या ताटाकडे न बघता. हिरव्या, उशीच्या आकाराच्या ‘कुसँ’ मिठाया दिसतील. बदामाच्या पिठाच्या आत चॉकलेट असते आणि त्यात क्युरासाव हे मद्य असते, म्हणून न पिणाऱ्यांना द्यायच्या आधी सांगा. संध्याकाळी सगळ्यांनी एखाद्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये जा. ल्योंमध्ये आता ती चांगली मिळतात. सासूबाईंना बुशोंमध्ये नुसते बटाटे खात दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी प्रेमाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

बुशों कसे निवडायचे

2012 पासून ‘ले बुशों ल्योने’ असे एक अधिकृत लेबल आहे. दारावरच्या पाटीवर लालबुंद नाकाचा न्याफ्रों दिसतो. हा ल्योंच्या बाहुल्यांच्या खेळातला चांभार, खेळाचा नायक गिन्योल याचा दारूबाज मित्र. हे खेळ लोरां मुर्गे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच सुरू केले. हे लेबल असले की पदार्थ परंपरेचे आणि तिथेच शिजवलेले असतील असा भरवसा धरता येतो. लेबल नसलेलीही उत्तम घरे आहेत. पण पहिल्यांदा येणाऱ्याने यादीतूनच निवडावे, असे मी सांगते.

व्यू ल्यों, म्हणजे जुन्या शहराच्या गल्ल्यांत, दर दुसऱ्या दारावर ‘बुशों’ लिहिलेले दिसेल. तिथे चांगली घरेही आहेत, पण सहा भाषांतला फोटोवाला मेनू, दाराशी उभा राहून बोलावणारा माणूस आणि दिवसभर चालू असलेले स्वयंपाकघर दिसले की पुढे चला. छोटा मेनू, फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा पदार्थ आणि दुपारी ऑफिसातून आलेली स्थानिक माणसे, या खुणा चांगल्या.

मी स्वतः तेरोच्या चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत बघायला सांगते. तिथे ‘काफे दे फेदेरासियों’ हे जुने, नावाजलेले घर ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव मेजर मार्तां. हे क्लोद मार्तां 1735 साली ल्योंमध्ये जन्मले आणि 1800 साली लखनऊला वारले. लखनऊ आणि कोलकात्यातल्या ला मार्टिनियर शाळा त्यांच्याच पैशातून उभ्या राहिल्या, आणि ल्योंमध्येही त्याच नावाची शाळा आहे. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर ही पाटी नक्की दाखवा.

वेळ, टेबल, बिल

रात्रीऐवजी दुपारी जा. दुपारी ‘फोर्म्यूल’ मिळते: सुरुवातीचा पदार्थ आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. ती साधारण वीस ते पंचवीस युरोंत होते. रात्रीचे पूर्ण जेवण तीस ते चाळीसच्या घरात जाते. पण दुपारचे माझे खरे कारण पचनाचे आहे. हे जेवण जड असते. रात्री नऊला वजडी, चीज आणि टार्ट खाऊन झोपलेल्या ज्येष्ठांची रात्र चांगली जात नाही. दुपारी जेवून नदीकाठी तासभर चालता येते. मेनूवर ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ आणि ‘प्ला’ म्हणजे मुख्य, एवढे लक्षात ठेवा. अमेरिकन सवयीने उलटे समजून लोक दोन-दोन मुख्य पदार्थ मागवून बसतात.

दुपारची ऑर्डर साधारण बारा ते दीड-पावणेदोन एवढ्याच वेळात घेतात. अडीचला पोचलात तर कितीही विनवले तरी शेगडी पेटणार नाही. रविवारी आणि सोमवारी बरीच घरे बंद असतात. तुमच्या दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारासच इथे शाळांना तूसां सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, त्यामुळे फ्रेंच कुटुंबेही फिरत असतात. 1 नोव्हेंबरला तर सार्वजनिक सुट्टी. पाच जणांचे टेबल या छोट्या खोल्यांत आयत्या वेळी मिळत नाही. आठ-दहा दिवस आधी आरक्षण करा आणि सासूबाईंच्या ताटाचा फोन दोन-तीन दिवस आधी पुन्हा करा. फोन सकाळी दहा-अकराच्या सुमारास किंवा दुपारी तीननंतर. त्याच फोनवर दोन ज्येष्ठ आहेत, पायऱ्या नकोत, तळमजल्यावर टेबल द्या, हेही सांगा. पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृह अरुंद जिन्याने खाली किंवा वर असते.

आत शिरताच, काहीही मागायच्या आधी, ‘बोंजूर’ म्हणा. सगळ्यांनी म्हणा, मुलानेही. न म्हणता थेट ‘टेबल फॉर फाइव्ह’ म्हटले की इथे तो उर्मटपणा समजतात आणि पुढचे सगळे थंड होते. तुम्हाला ज्या अपमानाची भीती वाटते त्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. टेबल दाखवेपर्यंत थांबा. एक ताट दोघांत मागवू नका. आपापले मागवून एकमेकांचे चाखायला हरकत नाही. मुलासाठी छोटे वाढप मिळेल का, हे विचारता येते. खूपच उरले तर डब्यात बांधून मागता येते.

बिल स्वतःहून येणार नाही, कारण न मागता बिल ठेवणे म्हणजे ‘आता उठा’ म्हणणे. दीड-दोन तास गेले, कॉफी झाली की ‘लादिसियों, सिल व्हू प्ले’ म्हणा. लिहिलेल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. टिपेची सक्ती नाही. पण तुमच्यासाठी वेगळे ताट केले असेल तर पाच-दहा युरो टेबलावर ठेवा आणि ते ताट करणाऱ्याला द्यायला सांगा. आरक्षण केल्यावर ‘ठीक आहे, करतो’ म्हणणाऱ्याचे नाव विचारून लिहून ठेवा आणि त्या दुपारी दारात शिरताच ते नाव सांगा. फोन घेणारा आणि वाढणारा वेगळा असला तरी मग स्वयंपाकघरात निरोप लगेच पोचतो.